दलाल काढला की झालं?
मधला दलाल काढला की शेतकऱ्याला दुप्पट पैसे मिळतात असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे बघा. आमची तासगावजवळ द्राक्षबाग. 2016 ला सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, थेट विकायला आडकाठी राहिली नाही, म्हणून आम्हीपण सांगलीतल्या दोन-तीन सोसायट्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला, शुक्रवारी ऑर्डर, शनिवारी तोडणी, रविवारी सकाळी पोच. भाव चांगला मिळाला, खोटं कशाला बोलू, पण अडत्या (बाजार समितीतला दलाल) जे करायचा ते सगळं आपल्या अंगावर येतं, क्रेट, पिकअपचं डिझेल, वजन, उधारी, आणि चार मणी गळलेले दिसले की तोंड वाकडं करणाऱ्या काकू (त्यांचंही बरोबरच म्हणा). त्यात बाग एकदमच तयार होते, सोसायटीतलं घर घेऊन घेऊन किती घेणार, दोन किलो. उरलेला माल शेवटी व्यापाऱ्यालाच. बेदाण्याचं तसं नाही, कोल्ड स्टोरेजला टाकला की वर्षभर थोडा थोडा काढता येतो, थेट विकायला तोच परवडतो. यंदा शेजारचा हळदवाला आणि एक मेथी-कोथिंबीरवाला आमच्याच गाडीत माल घालतात, डिझेल तिघांत.