मुलांना घरामागच्या जपानी शाळेत घालायचं की इंडियन स्कूलला?

अराकावापल्याड (धागा सुरू)

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या तोक्योतल्या निशि-कासाईच्या यूआर (सरकारी संस्थेच्या भाड्याच्या घरांच्या) बिल्डिंगखाली एकच विषय चघळला जातो. येत्या 1 एप्रिलपर्यंत ज्यांचं पोर सहा पूर्ण करणार, त्यांच्याकडे कुयाकुशोचं (वॉर्ड ऑफिसचं) शाळाप्रवेशाचं पाकीट येतं. आणि ते फोडायच्या आधीच निम्म्या घरांत ठरलेलं असतं: इंडियन स्कूल. परदेशी नागरिकांना इथे सक्तीचं शिक्षण लागू नाही, त्यामुळे पाकीट तसंच ड्रॉवरमध्ये राहिलं तरी कायदा काही मोडत नाही.

दोन-तीन वर्षांच्या असाइनमेंटवर आलेल्यांशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगते. मला कोडं पडतं ते पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेतलेल्यांचं. 35 वर्षांच्या कर्जावर मानशोन (फ्लॅट) घेतलाय, गाडीसाठी पार्किंगची जागा भाड्याने घेतलीये, आणि घरामागच्या शाळेचं फाटक कसं दिसतं ते माहीत नाही.

आमची मुलगी पहिलीत आहे. पाठीवर तिच्याहून मोठं रान्दोसेरु (इथलं कडक दप्तर), त्यावर पहिलीचं पिवळं कव्हर, दप्तराच्या पट्ट्याला धोक्याचा बझर. ठरवून दिलेल्या रस्त्याने एकटी जाते, एकटी येते. वर्गात केर काढते, आठवड्याच्या पाळीला पांढरी टोपी आणि एप्रन घालून सगळ्यांना जेवण वाढते, शुक्रवारी तो एप्रन धुवायला घरी आणते. (इस्त्री करून परत द्यायचा असतो. हे काम आईचं आहे असं कुठे लिहिलेलं नाही, तरी ते माझ्याकडेच आलंय.) फी नाही, आणि आता तोक्योच्या 23 वॉर्डांत दुपारचं जेवणही फुकट.

पण माझा मुद्दा पैशांचा नाही. आमच्या एदोगावा वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. 2019 च्या ऑक्टोबरात हगिबिस वादळ आलं तेव्हा लोकांनी आसरा घेतला तो शाळांमध्ये. भूकंपात जायचं ठिकाणही तेच. ज्या जिममध्ये एखादी रात्र चटईवर काढावी लागेल, तिथल्या माणसांची तोंडओळख नको का? ती पोरांच्या शाळेतून जेवढी सहज होते तेवढी दुसऱ्या कशाने होत नाही.

---

कोथरूडचा_तात्पुरता

ताई, वादळाच्या एका रात्रीसाठी मुलाची बारा वर्षं पणाला लावायची?

थोडा हिशेब करू. जपानी माध्यमात पोरगं चौथीपर्यंत गेलं आणि कंपनीने, व्हिसाने किंवा आईवडिलांच्या आजारपणाने परत जावं लागलं, तर पुण्यात पाचवीत त्याच्यासमोर इंग्रजीतलं विज्ञान, हिंदी आणि मराठी एकदम उभं राहतं. महाराष्ट्रात 2020 पासून सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. त्याला येतं काय? कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं. कोथरूडमध्ये कांजीचा उपयोग काय?

आणि "आम्ही इथेच राहणार" हे कोण खात्रीने सांगू शकतं? 2020 च्या सुमारास 100 येनचे 70 रुपये मिळायचे, 2024 मध्ये 55 च्या आसपास आले. माझ्या ओळखीतली बरीच घरं त्या काळात आवरून गेली. त्यातल्या पीआरवाल्यांनाही आपण जाऊ असं वाटलं नव्हतं. इंडियन स्कूलचं सीबीएसई म्हणजे परतीचं तिकीट आहे. वापरायचं नसलं तरी खिशात असावं.

गंमत बघा, 2008 च्या आसपास इथे भारतीय गणिताची लाट आली होती. 19 पर्यंतचे पाढे, झटपट गुणाकाराची पुस्तकं, सगळं. तेव्हापासून जपानी पालक हौसेने पोरं इंडियन स्कूलला घालतायत. म्हणजे ते आपल्या शाळेत येणार आणि आपण त्यांच्या शाळेत जाऊन नऊ नव्वे एक्क्याऐंशीला थांबायचं!

---

नागोयाचे_भाऊ

तोक्योवाल्यांनो, तुम्हाला निवड आहे म्हणून हा वाद आहे. आमच्याकडे घराजवळ इंडियन स्कूलच नाही. इंटरनॅशनल म्हटलं तर वर्षाला वीस-पंचवीस लाख येनची गोष्ट, आणि ती मी आई-बाबांसमोर मोठ्याने उच्चारूही शकत नाही. पोरगा गेला शेजारच्या शोगाक्कोत (प्राथमिक शाळेत), विषय संपला.

बाहेर पसरवलेली एक भीती मात्र खोटी निघाली. आमच्या आइची प्रांतात 1990 मध्ये इमिग्रेशनचा कायदा बदलल्यापासून जपानी वंशाचे ब्राझिली कामगार मोठ्या संख्येने आले. त्यांच्या मुलांमुळे इथल्या बऱ्याच शाळांना भाषा न येणाऱ्या मुलाचं काय करायचं ते माहीत झालंय. वेगळी जपानीची तासिका, वेगळे शिक्षक. फक्त एक आहे, नोटिसा पोर्तुगीजमध्ये मिळतात. बायको आता पोर्तुगीज नोटीस मोबाइलवर भाषांतर करून वाचते, कारण तिच्या मते जपानीपेक्षा पोर्तुगीजचं भाषांतर बरं येतं.

---

उंबरठा

अराकावापल्याड, पहिलीचं कौतुक करून घ्या. पहिलीत कांजी 80 असतात. दुसरीत 160, तिसरीत 200, चौथीत 202. सहावी संपेपर्यंत 1026. तिसरीच्या मध्यावर असा दिवस येतो की मुलाच्या गणिताच्या पुस्तकातलं उदाहरण तुम्हाला वाचता येत नाही. गणित येतं हो, प्रश्न वाचता येत नाही. माझा नवरा एम.टेक. आहे आणि मुलाला अपूर्णांक शिकवायला शेजारच्या कॉलेजातल्या पोराला तासावर बोलवावं लागलं.

जेवण फुकट म्हणालात. आम्ही शाकाहारी. साध्या दिसणाऱ्या सुपातही माशाचा दाशी (उकळून काढलेला अर्क) असतो. परवानगी काढून रोज डबा देते. वर्गातली सगळी एकसारख्या ताटात जेवतात आणि हा एकटा डबा उघडतो. कुणी चिडवत नाही, बाई फार चांगल्या आहेत. पण दुसरीत असताना तो म्हणाला, "आई, भाजीला वास येणार नाही अशी कर." मग मी बटाट्याच्या काचऱ्या, कोरडी पोळी, काकडी एवढ्यावर आले. मेथी घरी फक्त शनिवारी.

आणि शेवटचं, जे कुणी इथे बोलत नाही. पालकसभेला तोच माझा दुभाषा. स्वतःबद्दलची तक्रार त्याने मला काय आणि किती सांगितली, देव जाणे. आजीशी फोनवर बोलताना दोन वाक्यं मराठीत, मग "आई, तू सांग ना." आता फाटकाशी मी हाक मारली की आधी आजूबाजूला बघतो. तुम्ही शेजाऱ्यांच्या तोंडओळखीचं बोललात. ती झाली मला, खरंच झाली. तिची किंमत सासूबाईंनी दिली.

---

अराकावापल्याड

उंबरठाताई, डब्याचं वाचून कसंसंच झालं. आम्ही अंडं-मासे खातो, म्हणून ते माझ्या डोक्यातच येत नाही.

पण मराठीचं मला पटत नाही. इंडियन स्कूलमधली पोरं आजीशी मराठीत बोलतात का? माझ्या बिल्डिंगमधली तरी आपसात इंग्रजी बोलतात, नाहीतर हिंदी. मराठी दोन्हीकडे घरातच टिकवायची आहे. उलट जपानी शाळेमुळे इंग्रजी मध्ये घुसत नाही, घरात एक मराठी, बाहेर एक जपानी, सरळ दोन कप्पे. आमच्याकडे रात्री गोष्ट मराठीतच, त्यात सूट नाही.

कोथरूडकर, परतीचं तिकीट दरवर्षी फी भरून नवं करावं लागतं, हे सांगायचं राहिलं तुमचं. दोन मुलं असली तर दोन तिकिटं.

---

योकोहामाचे_काका

मी 2000 साली आलो. वायटूकेची धावपळ नुकतीच संपली होती. तेव्हा निशि-कासाईत आपली माणसं जमली त्याचं कारण साधं: तोझाई मेट्रो लाइनने ओतेमाची, कायाबाचोची ऑफिसं थेट, आणि यूआरच्या घरांना ना रेइकिन (घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम) ना हमीदार. परदेशी माणसाला घर मिळणं हाच प्रश्न होता, शाळेचा विचार नंतर. पहिली इंडियन स्कूल 2004 ला निघाली, दुसरी 2006 ला. त्याआधी लहान मुलं असलेल्या बायका थेट पुण्या-मुंबईला परतायच्या आणि नवरे इथे एकटे राहायचे, हेही लक्षात ठेवा. या शाळांनी कुटुंबं एकत्र ठेवली. त्यांना नावं ठेवण्याआधी एवढं आठवावं.

आता दुसरी बाजू. तुम्ही सगळे सहा वर्षांच्या मुलाबद्दल भांडताय, खरी परीक्षा पंधराव्या वर्षी आहे. जपानी शाळेत नववीपर्यंत ढकलगाडी चालते, नापास कुणी करत नाही. मग हायस्कूलची प्रवेश परीक्षा. ज्या मुलाचं जपानी फक्त मैदानावरचं असतं, तो तिथे आपटतो. रस्त्यावर फर्डं बोलतो म्हणून पालक खूश असतात, आणि त्याला इतिहासाचा परिच्छेद कळत नाही हे चौदाव्या वर्षी लक्षात येतं.

इंडियन स्कूलवाल्यांचीही तीच गत, दिशा उलटी. या शाळा जपानच्या शालेय शिक्षण कायद्याच्या पहिल्या कलमात बसत नाहीत, म्हणजे कायद्याने त्या नेहमीच्या शाळा धरल्या जात नाहीत. आठवीत वाटलं की आता जपानी सरकारी हायस्कूलला टाकू, तर ते सोपं नाही. बारावी करून भारतात किंवा तिसऱ्याच देशात जायचं, ही वाट त्यांच्यासाठी सरळ आहे. मुलाला इथेच नोकरी-घर करायचं असेल तर बारावीनंतर जपानी नव्याने शिका.

आत शिरून काम करणारेही आहेत. योगेंद्र पुराणिक 2019 ला एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, पुढे इबाराकीतल्या त्सुचिउराच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. आपल्यापैकी किती जणांना निदान पीटीएच्या सभेत हात वर करता येईल? मला आला नाही कधी. थकून आलेलो असायचो.

---

काठावरचा

काका, म्हणजे दोन्हीकडे खड्डा. बरं वाटलं वाचून 😐

---

सातवी_ब

मी ते "पोरगं" आहे ज्याच्याबद्दल कोथरूडकरकाका बोलतायत. मुलगी आहे, पण असो. सहावीपर्यंत कावासाकीत जपानी शाळेत, मग सातवीला पुणे.

पहिली दोन वर्षं वाईट गेली, ते सजवून सांगण्यात अर्थ नाही. इंग्रजी वाचता यायचं, कळायचं नाही. हिंदी शून्य. पहिल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर मी झाडू शोधत होते आणि मावशी म्हणाल्या, "बाळा, काय हरवलं?" अख्खा वर्ग हसला. बाईंना प्रश्न विचारायला हात वर करून उभी राहायचे, तर मागची मुलं आधीच उत्तर ओरडून मोकळी. मला वाटायचं सगळे भांडतायत. ते नुसते बोलत होते.

आज मी पुण्यातच जपानी कंपनीच्या कामावर आहे आणि जपानीसाठी वेगळा क्लास कधी लावला नाही. इथे एन-टू (जपानी भाषा परीक्षेची वरून दुसरी पातळी) काढायला लोक वर्षानुवर्षं घासतात. म्हणजे कोथरूडमध्ये कांजीचा उपयोग आहे काका, चांगल्यापैकी.

पण मला राग कशाचा आला होता सांगू? शाळेचा नाही. आमच्याकडे दरवर्षी मार्चमध्ये "पुढच्या वर्षी जाऊ" असं व्हायचं आणि एप्रिलमध्ये नवीन वही यायची. त्यामुळे बाबांनी हिंदी कधी शिकवलं नाही, कारण आत्ता तर इथेच आहोत. आईने मला स्विमिंग क्लबला कधी घातलं नाही, कारण आता निघायचंच आहे. शाळा कुठलीही असती तरी हेच झालं असतं. तुम्ही जाणार की राहणार हे मुलांना माहीत नसतं, आणि मला वाटतं तुम्हालाही नसतं. शाळेवर भांडणं त्यापेक्षा सोपं आहे.

---

कोथरूडचा_तात्पुरता

छान लिहिलंस बेटा. पण माझा मुद्दा तूच सिद्ध केलास. दोन वर्षं वाईट गेली ती तुझी गेली, बाबांची नाही. आणि तू तरलीस म्हणून धागा लिहितेयस. जी मुलं नववीत परत येऊन गळपटली, ती इथे मराठीत टंकायला येणार नाहीत.

निर्णयाचं म्हणशील तर व्हिसाच्या मुदतीवर जगणाऱ्या माणसाने "कायम" कसं ठरवायचं? इंडियन स्कूल हा न ठरवता जगायचा सगळ्यात कमी नुकसानीचा मार्ग आहे, एवढंच मी म्हणतो.

---

सातवी_ब

गळपटलेली मुलंही माहीत आहेत काका. त्यातला एक इंडियन स्कूलमधून आला होता.

---

नागोयाचे_भाऊ

व्हिसाचं कारण आता तितकंसं पुरत नाही हं. 2017 पासून हाय-स्किल्ड वाल्यांना 80 गुण भरले की एका वर्षात पीआरचा अर्ज करता येतो, 70 ला तीन. इथले निम्मे आयटीवाले त्यात बसतील. मुदत सरकारची कमी, मनाची जास्त.

---

काठावरचा

चेष्टा बाजूला ठेवून विचारतो. मुलगा तिसरीच्या वयाचा आहे, इंडियन स्कूलमध्ये आहे, आम्ही आता इथेच राहायचं जवळजवळ ठरवलंय. मध्येच जपानी शाळेत घेतील का? की एक वर्ष मागे बसवतील?

---

अराकावापल्याड

घेतात, वर्षाच्या मध्येही. सहसा वयाप्रमाणेच वर्ग देतात, मागे बसवत नाहीत. सगळ्यांची झाइर्यू कार्डं (परदेशी रहिवाशांची ओळखपत्रं) घेऊन कुयाकुशोत शाळांचं काम बघणाऱ्या खिडकीवर जा. एक गोष्ट तिथेच विचारा: तुमच्या शाळेत जपानी शिकवायची सोय आहे का, नसेल तर जवळच्या कुठल्या शाळेत आहे. स्वतःहून सांगतीलच असं नाही. रान्दोसेरु नवं घेऊ नका, महाग असतं आणि सक्तीचं नाही. तिसरीत साधी बॅग चालते.

---

उंबरठा

आणि शाकाहारी असाल तर डब्याची परवानगी पहिल्याच भेटीत मागा, लेखी. नंतर मागितलीत तर आधी पोषणतज्ज्ञ बाईंबरोबर मीटिंग, मग मुख्याध्यापकांबरोबर. तिसरीच्या जुन्या कांजीच्या वह्या आहेत माझ्याकडे, हव्या असतील तर कळवा. कोऱ्या पानांसकट देते.