नोटिशीचा साचा सारखा बिघडतो, काय करू?

फोर्टची टायपिस्ट: वकिलांच्या ऑफिसात आम्ही सहा जण नोटिसा टाइप करतो, निम्म्या मराठीत. पद्धत एकच: जुनी फाइल उघडा, नावं बदला, 'सेव्ह ॲज'. परवा भांडुपच्या भाडेकरूच्या नोटिशीत तिसऱ्या पानावर मालाडच्या घरमालकाचं नाव राहून गेलं. सही करताना साहेबांच्या नजरेला पडलं म्हणून वाचले. वर वर्डमध्ये इंग्रजी अक्षरांचा साइज १२ केला तरी मराठीचा ११च राहतो!

कर्जत लोकल: ताई, जुनी फाइल उघडणं आधी बंद करा. नावांच्या जागी कंस असलेली कोरी नोटीस 'वर्ड टेम्प्लेट' (म्हणजे साचा) प्रकारात सेव्ह करा. डबल क्लिक केलं की नवी प्रत उघडते, मूळ तशीच राहते. सर्व्हरवर ठेवा आणि प्रत्येकाच्या वर्डमध्ये 'वर्कग्रुप टेम्प्लेट्स' या सेटिंगला तोच फोल्डर द्या.

अंधेरीकर: मराठीची गोम वेगळी आहे. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' धरतो, तिचा फॉन्ट आणि साइज स्वतंत्र. 'नॉर्मल' स्टाइलच्या 'मॉडिफाय'मध्ये फॉन्टची चौकट उघडा, तिथे तो रकाना दिसेल. हे टेम्प्लेटमध्येच करा, नोटिशीत हाताने नको.

फोर्टची टायपिस्ट: रकाना सापडला! मराठीला मंगल फॉन्ट, साइज १२ केलं. आता आमचे एक काका १५ वर्षांपूर्वीच्या, युनिकोड (सगळ्या फॉन्टना सारखी कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधले परिच्छेद आणून चिकटवतात. मंगल लावला की नुसता चिन्हांचा चिखल.

अंधेरीकर: ते आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढा, मग 'कीप टेक्स्ट ओन्ली'ने चिकटवा. जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा, विशेषतः रफार. काकांना चहा पाजून समजवा.