मदत हवी आहे: मुलाने 'जगिक' (म्हणजे ऐहिक, ख्रिस्ती भक्तीबाहेरची) गाणी ऐकावीत की नाही?

जय ख्रिस्त मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याचे, प्रोटेस्टंट. मुलगा दहावीला आहे, रविवारी उपासनेत पेटी वाजवतो. तरुणसंघातल्या एका दादाने त्याला सांगितलंय की सिनेमाची गाणी, नाट्यगीतं, दशावतारातली पदं सगळी जगिक, ख्रिस्ती माणसाने ऐकूच नयेत. पोराने मोबाईलमधली गाणी पुसून टाकली. आजोबांनी रेडिओ लावला की हा उठून पडवीत जातो. घरात नुसती धुसफूस.

मला हे पटत नाही, पण बायबलमधलं वचन दाखवून बोलता येत नाही. इफिस ५:१९ मध्ये स्तोत्रं, आध्यात्मिक गीतं गा असं आहे. बाकीचं ऐकू नका असं कुठे म्हटलंय? फिलिप्पै ४:८ ची चाळणी मला बरी वाटते: जे शुद्ध, जे श्रवणीय, त्याचं मनन करा. अचकट-विचकट गाणी आपोआप गळतात, पावसाचं भावगीत राहतं. आणि ना. वा. टिळकांनी (आपल्याच कोकणातले, करजगावचे!) ख्रिस्ती भजनं अभंगांत लिहिलीच की.

अडतं ते दशावतारापाशी. तिथे देवांची स्तुती असते. १ करिंथ ८ मधला नैवेद्याचा मुद्दा (मूर्तीला दाखवलेलं अन्न ख्रिस्ती माणसाने खावं की नाही) इथे लागू होतो का? कला म्हणून ऐकणं आणि भक्तीत सामील होणं, यातली रेघ तुम्ही घरी कुठे ओढता? वयात आलेली मुलं असलेल्यांनी जरूर लिहा. दादाला दुखवायचं नाहीये, पोरगं त्याला फार मानतं.