पिकअपच्या ब्रेक कॅलिपरला रंग द्यायचाय: कोणता घेऊ, कुणाकडून करून घेऊ? (सातारा)

अजिंक्यतारा
नमस्कार मंडळी. माझी पांढरी इसुझू व्ही-क्रॉस आहे, १८ इंची अलॉयवाली. गाडी धुऊन पुसून उभी केली की चाकाच्या आरांमधून गंजलेले तांबूस कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा ब्रेकचा भाग) दिसतात आणि सगळी शोभा जाते. खंडेनवमीला गाडीची पूजा असते, त्याआधी पुढचे दोन्ही कॅलिपर लाल करायचेत. गाडी शहरात कमी फिरते. यवतेश्वर घाटातून कासला आणि मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वरला जास्त जाते. एक दुकानदार म्हणतो साधा स्प्रे मारा, वरून क्लिअर कोट द्या, झालं काम. दुसरा म्हणतो पावडर कोटिंगच करा. मागच्या ड्रम ब्रेकचं काय करायचं, तेही कळत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

घाटमाथा
दादा, साधा स्प्रे अजिबात नको. केळघर उतरताना सारखा ब्रेक लागला तर डिस्क ३०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. कॅलिपर एवढा तापत नाही, पण पॅड आणि पिस्टनमधून उष्णता त्याच्यात उतरतेच. साधा रंग त्यात पिवळा पडतो, मग पापुद्रे सुटतात. वरचा क्लिअर कोटसुद्धा त्याच जातीचा, तो काय वाचवणार?

उष्णतेपेक्षा मोठा शत्रू म्हणजे ब्रेक ऑइल. डॉट ३ असो की डॉट ४, दोन्ही रंग विरघळवतात. ब्लीड करताना, म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढताना, चार थेंब सांडले तरी तेवढा भाग सोलून निघतो. म्हणून डब्यावर कॅलिपरसाठी असं स्पष्ट लिहिलेला रंगच घ्या. हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा दोन भागांचा इपॉक्सी मिळाला तर उत्तम. सायलेन्सरचा हाय टेम्परेचर स्प्रे उष्णता सोसतो, पण त्यातले बरेच भट्टीत किंवा इंजिनाच्या उष्णतेने नीट भाजले गेल्याशिवाय पक्के होत नाहीत.

कुपवाडचा रंगारी
पावडर कोटिंगबद्दल सांगतो, हे रोजचं काम आहे. रंगाची भुकटी फवारून भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना माल भाजावा लागतो. कॅलिपर जोडलेल्या अवस्थेत आत गेला तर पिस्टनचं सील आणि डस्ट कव्हर दोन्ही कामातून गेली. म्हणजे पूर्ण खोलायचा, पिस्टन काढायचा, बोअर आणि आटे झाकायचे, भाजून झाल्यावर नवीन सील किट टाकून जोडायचा आणि ब्लीड करायचा. सील किट बदलायची वेळ आलीच असेल तर जरूर करा, त्याच्याइतकं टिकाऊ दुसरं काही नाही. नुसत्या रंगासाठी चालू ब्रेक उघडू नका.

ब्रशने करणार असाल तर सगळा कस तयारीत लागतो. वायर ब्रशने गंज उतरवा, कोपऱ्यातला पॉलिश पेपरने काढा, मग ब्रेक क्लीनरने धुवा आणि सुकू द्या. डिझेल किंवा रॉकेलने पुसायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे सोडा. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि रंग धरत नाही.

मास्किंग टेप कुठे लावायची ते नीट बघा: ब्लीड निपल, होजचा (ब्रेक ऑइलच्या नळीचा) बोल्ट, पिस्टनभोवतीचं रबर, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिनची रबरं, डिस्कचा पृष्ठभाग. ब्रॅकेटवर पॅड जिथे सरकतो त्या खाचेत रंगाचा टिपूससुद्धा नको. तिथे थर बसला की पॅड अडकतो, ब्रेक धरून ठेवतो आणि चाक तापतं. पातळ दोन-तीन हात द्या. जाड हात ओघळतो आणि आतून ओला राहतो.

कृष्णाकाठ
भावा, सांगलीत उसाच्या रानातनं पिकअप फिरते आमची, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. आधी गाइड पिन बघून घे. काळी माती आणि पाणी बसलं की पिन जाम होतात, एकच पॅड झिजतो. तसल्या कॅलिपरला रंग देऊन काय उपयोग? मिस्त्रीकडून पुढच्या ब्रेकची सर्व्हिस करून घे, पिन साफ करून ब्रेकचंच ग्रीस भरू दे आणि त्याच वेळी रंग दे. मजुरी एकदाच पडते.

घरी करणार असशील तर सपाट काँक्रीटवर गाडी लाव, मागच्या चाकांना ठोकळे दे, व्हील नट चाक जमिनीवर असतानाच सैल कर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीच्या खाली डोकं घालू नको, जॅक स्टँड लावच. कॅलिपर बोल्टातून काढलास तर तारेने वर बांध. होजवर लटकत ठेवलास तर आतून होज फाटते, बाहेरून दिसत पण नाही.

घाटमाथा
कृष्णाकाठ यांच्याशी सहमत, फक्त एवढंच की नुसत्या रंगासाठी कॅलिपर बोल्टातून काढायची गरज नाही. चाक काढून आहे त्या जागी ब्रशने होतं. मागची बाजू राहते, पण ती दिसतच नाही. आणि पिस्टन मागे ढकलला असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिला दाब हमखास खाली जातो.

अजिंक्यतारा
मनापासून आभार. सर्व्हिसबरोबरच करतो. लाल ठेवू की गडद राखाडी? आणि चिकटवायची प्लॅस्टिकची लाल कव्हरं मिळतात, ती कशी?

कुपवाडचा रंगारी
कव्हरं नकोतच. चिकटपट्टी उष्णतेने सुटते आणि कव्हर चाकात गेलं तर मोठा घोटाळा.

पांढऱ्या गाडीला लाल खुलतो, पण ब्रेकची काळी धूळ त्यावर लगेच दिसते. दर धुण्याला आत ब्रश फिरवायची तयारी असेल तर लाल करा. नसेल तर ग्रॅफाइट, तो वर्षभर नीटनेटका दिसतो. हळदीसारखा पिवळासुद्धा छान दिसतो, पण पहिल्याच पावसात चिखलाने मळतो.

मागचे ड्रम काळे करा. पुढे लाल आणि मागे गंजका ड्रम असला की काम अर्धवट वाटतं. ड्रमला उष्णता सोसणारा काळा चालेल, फक्त चाक जिथे टेकतं तो सपाट भाग आणि स्टड मोकळे सोडा. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि नट सैल पडतात. एरवीही नट ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

कृष्णाकाठ
आणि दिवस बघून कर. हवा दमट असताना इपॉक्सी नीट धरत नाही. कोरडं ऊन पडलेला दिवस पकड, रात्रभर गाडी हलवू नको, आणि प्रेशर वॉशर आठवडाभर चाकाजवळ नेऊ नको. पूजेच्या आदल्या दिवशी रंग द्यायला बसू नको, आठ-दहा दिवस आधीच उरकून घे.