'शैवाल बहर' की 'हिरवी साय'?

प्रश्न : पैठण तालुक्यातल्या शाळेत शिकवतो. पाणीप्रदूषणाच्या तक्त्यासाठी मिळालेल्या मजकुरात पाण्यात शैवाल एकदम खूप वाढतं त्याला 'शैवाल बहर' असा शब्द आलाय. पोरं विचारतात, "सर, बहर तर मोसंबीला येतो ना?" दुसरा शब्द सुचवा.

उत्तर : सर, पोरांचं बरोबर आहे. मृग बहर, आंबे बहर म्हटलं की आपल्याकडच्या बागायतदाराचा जीव सुखावतो. ज्या पाण्यानं जनावर दगावू शकतं, त्याला हा शब्द नको.

बोलीत फरक आहेच. दगडावरून पाय घसरवतं ते शेवाळ. विहिरीत जटांसारखं वाढतं ते गोंडाळ. आणि उन्हं तापली, वारा पडला की तळ्याच्या काठाला जो पोपटी थर येतो, त्याला माझी आई म्हणायची, "पाण्यानं हिरवी साय धरली." काठी घालून बघा. गोंडाळ धाग्यांसारखं गुंडाळून वर येतं; साय मात्र रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी काठीला माखते. आमच्या शेततळ्यावर शेळ्या अशा पाण्याला तोंड लावेनात, तेव्हा मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं.

ही साय बहुधा ज्याची असते, त्या 'नीलहरित शैवाल' या नावातही घोळ आहे. ते खरं शैवाल नव्हे, जिवाणू आहेत. सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतांतून नत्र-स्फुरद पाण्यात उतरलं की ते माजतात. म्हणून 'माजणं' हे क्रियापद मला फार चपखल वाटतं. त्यांतले काही मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात, ते यकृतावर जातं. पाणी उकळून ते जात नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात याच विषापायी सुमारे 5 लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं.

दुसरं उत्तर : एक जुना शब्द राहिला, 'बाबुळी'. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात पाण्यातूनच झालेली बाबुळी पाण्याला झाकून टाकते, असा दृष्टांत आहे. माउलींचं आपेगाव तुमच्या पैठणजवळच. पोरांना नक्की सांगा.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. 'विषारी साय' लिहू का?

उत्तर : नको सर. प्रत्येक साय विषारी नसते, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही. 'हिरवी साय'च लिहा, आणि त्याखाली ठळक अक्षरांत : इथं गुरं पाजू नका, पोहायला उतरू नका.