‘किस्तीवर घेतलं’ म्हणजे उधार की कर्ज?

सदरवाला: नागपुरात, सीताबर्डीत मोबाइल घेणारा ‘कर्ज काढलं’ कधीच म्हणत नाही, ‘किस्तीवर घेतला’ म्हणतो. किस्त आणि हप्ता यांत अर्थाचा काही फरक आहे का?

इतवारीचे काका: नाही. हप्ता फारसी ‘हफ्त’वरून, म्हणजे सात. आधी आठवडा, मग आठवड्याला द्यायची रक्कम. आता देणं महिन्याचं झालं तरी नाव तेच. (गुंडाला पोचतो तो हप्ता वेगळा!) किस्त अरबीतून आली, हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे जास्त चालते.

खरा घोळ पुढेच आहे. उसनं घेतलं की तेवढंच परत. उधारीत माल आज, पैसे नंतर. किराणावाला वहीत मांडतो, बहुधा व्याज लावत नाही. कर्जाला व्याज आलंच. किस्तीच्या फोनबद्दल लोक उधारीसारखं बोलतात, पण दुकानदाराचे पैसे फायनान्स कंपनी चुकते करते. तुमचं देणं दुकानाशी राहतच नाही. मग ती उधारी कशी?

महालची ताई: काका, ‘नो कॉस्ट’ किस्तीला तर व्याज नसतं ना? म्हणजे उसनंच झालं.

काका: उसनं कुठलं बाप्पा! रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. ते बऱ्याचदा प्रक्रिया शुल्कात दडवलेलं असतं. रोखीची सूट हुकते ती वेगळीच.

धरमपेठकर: व्याजदरातल्या ‘फ्लॅट’ या शब्दालाही जपा. वर्षभरात फेडायच्या लाखावर 12 टक्के फ्लॅट म्हणजे 12,000 व्याज, महिन्याची किस्त 9,333. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीवर मोजलं तर दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो.

ताई: अन् ‘विनातारण’ म्हणजे गहाण न ठेवता?

धरमपेठकर: हो. सोनं बँकेत ठेवलं की आपण ‘गहाण ठेवलं’ म्हणतो, बँक त्यालाच ‘तारण’ म्हणते. विनातारण कर्ज बुडालं तर विकून वसूल करायला हाती काही नसतं. अशी कर्जं भराभर वाढायला लागली म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहक कर्जांचा जोखीमभार 100 वरून 125 टक्के केला. म्हणजे तेवढंच कर्ज द्यायला बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण त्यातून वगळलं.

सदरवाला: आणि माझा मोबाइल?

काका: तो वगळला नाही.