कपड्यांतली चटचट: तुमचे अनुभव लिहा

काल रात्री लाइट बंद होती आणि ड्रायरमधून काढलेल्या पॉलिस्टरच्या ब्लँकेटला चिकटलेलं नायलॉनचं जॅकेट मी ओढून सोडवलं, तर चटचट आवाज होऊन निळसर ठिणग्या उडाल्या, लेक दारातच थबकली. तेव्हापासून ती कपड्यांच्या घड्या घालायला जवळ येत नाहीये. तुमच्याकडे असं होतं का, काय उपाय केलात, सविस्तर लिहा.

——

होतं ना, खूप व्हायचं. दोन वेगळी कापडं एकमेकांना लागून सुटली की एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात, आणि ड्रायरमध्ये हे लागणं-सुटणं सारखं चालूच असतं. नायलॉन, लोकर सहसा इलेक्ट्रॉन देतात, पॉलिस्टर, ॲक्रिलिक घेतात, म्हणजे तुमची जोडी नेमकी सगळ्यात वाईट! सुती कापड ओल धरतं त्यामुळे त्यातला चार्ज निघून जातो. मी सिंथेटिकचा लोड वेगळाच लावते, निम्मा त्रास तिथेच गेला.

——

माझ्या मते खरा दोष जास्त वाळवण्याचा आहे. आम्ही टायमर लावून सगळं कडकडीत करायचो. आता कमरेच्या पट्टीला आणि जाड शिवणीला बोट लावून बघतो, तिथे जराशी ओल लागली की मशीन बंद, बाकीचं दांडीवर वाळतं. मोजे शर्टाच्या पाठीला चिकटून येणं थांबलं.

——

कपड्यांच्या कंडिशनरने फरक पडतो हे नक्की. त्यातल्या रेणूंचं धनभारित टोक धाग्याला धरून बसतं, वर पातळ थर येतो, घर्षण कमी होतं आणि हवेतली ओलही धरली जाते. पण टॉवेलना अजिबात घालू नका, बाळाचं अंग पुसताना पाणी टिपायचंच नाही, नुसतं पसरायचं, मला फार वाईट वाटायचं. दोन-तीनदा नुसत्या डिटर्जंटने धुतल्यावर हळूहळू ठीक झाले.

——

ड्रायर नाही तरी सुटका नाही. हवा कोरडी असली की स्कर्टचं अस्तर पायाला असं चिकटतं की चालवत नाही. अस्तराच्या आतून लोखंडी हँगर फिरवते आणि पायाला मॉइश्चरायझर लावते, लगेच मोकळं होतं.

——

लेकीला सांगा घाबरू नको. जो चटका बोटाला जाणवतो तो साधारण 3000 व्होल्टच्या पुढचा असतो, पण वाहणारा चार्ज इतका थोडा आणि क्षणभराचा असतो की इजा होत नाही. माझा मुलगाही मशीनच्या दाराला हात लावायला घाबरायचा, त्याला किल्ली मुठीत घट्ट धरून तिचं टोक आधी धातूला टेकवायला शिकवलं. ठिणगी टोकावर पडते, बोटाला काही लागत नाही. फक्त पेट्रोल किंवा थिनर सांडलेले कपडे ड्रायरमध्ये कधीच टाकू नका, धुतलेले असले तरी.

——

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ब्लँकेट वेगळं लावलं, जरा दमट असतानाच काढलं. लेकीने किल्ली घेऊन स्वतः दाराला टेकवली, काहीच झालं नाही, मग ब्लँकेटची दोन टोकं धरून माझ्यासमोर उभी राहिली.